माशी, खाच आणि लाल ठिपका
(आकाशवाणीवरील भाषण)

बेळगाव शहराला लागून, मार्कंडेय नदीच्या परिसरात कंग्राळी हे माझे गाव आहे. लष्करी छावणीच्या शेजारी वसलेल्या गावांचा एक स्वभाव बनून जातो. इतर ठिकाणी चावडीवर पाऊसपाण्याच्या आणि भावाच्या गोष्टी चालतात. आमच्याकडे त्यांच्या जोडीला रजा, बदली, भरती आणि पेन्शन यांच्याही गोष्टी चालतात. १९२२ साली मराठा पलटणींची नव्याने जुळवाजुळव होऊन त्यांचे प्रशिक्षणकेंद्र बेळगावात आले, तेव्हापासून या भागातील किती घरांतून फौजेत माणसे गेली असतील याची मोजदाद करणे अवघड आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी रजेवर आला असता मला भेटावयास घरी आला. त्याच वेळी शेजारचे निवृत्त हवालदारही सोप्यावर येऊन बसले होते. त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली आहे. ते भरती झाले तेव्हा त्यांच्या खांद्यावर थ्री-नॉट-थ्री रायफल होती. बोलता बोलता विषय नेमबाजीवर गेला आणि त्या तरुणाने आपल्या रायफलीवरील नव्या साइटचे वर्णन केले. काचेतून पाहिले की एक लाल ठिपका दिसतो आणि तो ठिपका लक्ष्यावर ठेवला की काम झाले, असे त्याचे सांगणे होते. हवालदार हसून म्हणाले, "आमच्या वेळी माशी टिपून मारायचो बाबा. तुमचं काय, दिवा लावला की झालं!" त्यावर तो नम्रपणे म्हणाला, "आजोबा, दिवा बटणानं लागतोय. चाप अजून बोटानंच ओढावा लागतोय." मग दोघांनीही माझ्याकडे पाहिले. "सर, तुम्हीच सांगा," असे म्हणून त्या दोघांनी माझ्यावर जो भार टाकला, तो उतरविण्यासाठी आजचे हे भाषण आहे.

प्रथम बंदुकीवरील साइट म्हणजे काय ते पाहू. बंदुकीच्या नळीतून निघालेली गोळी सरळ रेषेत जात नाही. नळी सोडल्याक्षणीच ती खाली पडू लागते. आपली नजर मात्र सरळ रेषेत जाते. म्हणून नळीचे तोंड नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर उचललेले असावे लागते आणि गोळीची वाट व नजरेची वाट एका ठराविक अंतरावर एकमेकींस मिळवाव्या लागतात. हा मेळ घालून देणारे साधन म्हणजे साइट. नळीच्या पुढच्या टोकाशी जो लहानसा उंचवटा असतो त्याला आपल्या जुन्या लोकांनी 'माशी' हे नाव दिले. नळीवर माशी बसावी तसा तो दिसतो. मागच्या बाजूस एक खाच असते. खाचेच्या मध्यभागी माशी आणि माशीच्या टोकावर लक्ष्य, अशा तीन वस्तू एका ओळीत आणल्या की नेम धरला गेला.

ऐकावयास हे सोपे वाटते. परंतु त्यात एक मोठी अडचण दडलेली आहे. मनुष्याच्या डोळ्यातील भिंग एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्वच्छ दाखवू शकते. खाच डोळ्यापासून हात-दीड हातावर, माशी त्याच्याही पुढे आणि लक्ष्य शंभर-दोनशे मीटरांवर. या तिन्ही वस्तू एकाच वेळी स्पष्ट दिसणे निसर्गानेच अशक्य करून ठेवले आहे. म्हणून शिकविणारे उस्ताद सांगत आले की, माशी स्वच्छ दिसू दे. लक्ष्य आणि खाच जरा धूसर राहिले तरी चालेल. साइटचा सारा इतिहास म्हणजे डोळ्यावरचा हा तिहेरी भार हलका करण्याचा इतिहास आहे. तिनांचे दोन झाले आणि दोनांचा एक झाला, एवढ्यातच त्याचे सार सांगता येईल. पण या इतिहासात भिंगांइतकेच राजकारणही आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच भूमीवर होते.

आपल्या देशी तोड्याच्या बंदुकांवर माशी आणि खाच दोन्ही असत. उलट कंपनीच्या शिपायांना मिळणाऱ्या विलायती मस्केटवर मागची खाच नसेच. पुढे संगीन अडकविण्यासाठी जो खुंट असे, त्यालाच माशी मानावे लागे. त्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असल्यामुळे गोळी शंभर यार्डांपलीकडे कोठे जाईल याचा भरवसा नव्हता. त्यामुळे एकेका माणसाने नेम धरण्याऐवजी सर्वांनी एका हुकुमाने बार काढावा, अशी त्या काळची रीत होती.

पुढे नळीच्या आत पेचदार खाचा पाडलेली, १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल आली. गोळी स्वतःभोवती फिरत जाऊ लागली आणि दूरवर नेमके लागणे शक्य झाले. तेव्हाच मागील साइटला महत्त्व आले. कारण शेकडो यार्डांवर मारावयाचे तर अंतराप्रमाणे नळी कमीअधिक उचलावी लागते. त्यासाठी या रायफलीवर अंतराच्या खुणा असलेली, उचलून उभी करावयाची एक लहानशी शिडी बसविलेली होती. ही नवी विद्या शिकविण्यासाठी १८५७ च्या आरंभी डमडम, अंबाला आणि सियालकोट येथे केंद्रे उघडण्यात आली. त्याच रायफलीच्या काडतुसावरून पुढे काय घडले, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. आपल्या बाजूस ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात सत्तावीसाव्या मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या शिपायांनी उठाव केला.

काडतुसाची गोष्ट सर्वजण सांगतात. साइटची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. उठाव मोडून काढल्यावर राज्यकर्त्यांनी हिंदी शिपायांसाठी १८५८ च्या नमुन्याची एक वेगळी बंदूक काढली. बाहेरून ती हुबेहूब एनफील्ड दिसे. परंतु तिच्या नळीच्या आतील पेचदार खाचा नाहीशा केलेल्या होत्या, आणि अंतराच्या खुणांची शिडी जाऊन तिच्या जागी न हलणारी साधी साइट आली होती. गोऱ्या सैनिकाला दूरचे दिसावे आणि काळ्या शिपायाला जवळचेच दिसावे, अशी ही योजना होती. शिपायाचे डोळे तेच होते आणि हातही तेच होते. फक्त त्यांच्यातील मेळ काढून घेण्यात आला होता. पुढेही बराच काळ हाच क्रम चालू राहिला. गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा हिंदी पलटणींना जुनी स्नायडर मिळाली, आणि त्यांना ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा आपल्याला मार्टिनी-हेन्री मिळाली. एखाद्या माणसावर आपला किती विश्वास आहे, हे त्याच्या हाती आपण कोणते साधन देतो त्यावरून कळते.

साइट नुसती असून भागत नाही. तिने खरे बोलावे लागते. १८९९ ते १९०२ या काळातील दक्षिण आफ्रिकेच्या युद्धात इंग्रजांना हा धडा मिळाला. नव्याने पाठविलेल्या ली-एनफील्ड रायफलींपैकी पुष्कळांच्या साइट चुकीच्या बसविलेल्या आढळल्या. ५०० यार्डांवर त्यांची गोळी सुमारे १८ इंच उजवीकडे जात असे. १८ इंच म्हणजे छातीच्या मध्यावर धरलेला नेम खांद्याच्या बाहेरून निघून जावा इतके अंतर. समोर बोअर शेतकरी होते, ज्यांचे लहानपण बंदुकीबरोबर गेले होते. चूक सैनिकाची नव्हती. परंतु तिची किंमत त्यालाच मोजावी लागत होती.

साइट आणि काडतूस यांचेही जोडीदाराचे नाते असते. १९१४ च्या शरद ऋतूत हिंदी फौज फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरली. तीत खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या तुकड्याही होत्या आणि त्या तुकड्यांत मराठे होते. या फौजेने बरोबर आणलेल्या रायफलींच्या साइट जुन्या बोथट गोळीसाठी आखलेल्या होत्या. फ्रान्समध्ये मिळणारे काडतूस नव्या टोकदार गोळीचे होते आणि ही गोळी अधिक वेगाने व अधिक सपाट वाटेने जात असे. जुन्या खुणेवर नेम धरला तर नवी गोळी वरून निघून जाणार. तेव्हा मार्सेय येथे फौजेच्या रायफली बदलून देण्यात आल्या आणि हातात पडलेल्या त्या नव्या हत्यारासह ही माणसे थोड्याच दिवसांत खंदकांत जाऊन उभी राहिली.

आता मी एक घरची गोष्ट सांगतो. ती सांगताना मला संकोच वाटतो. पण या विषयावर बोलावयाचे आणि ती लपवावयाची हे बरे नव्हे. काही वर्षे शाळेतील एन.सी.सी.चे काम माझ्याकडे होते. आम्ही मुलांना पॉइंट टू-टू रायफलीने चांदमारीसाठी नेत असू. एकदा नववीतील एका शेतकऱ्याच्या मुलाने पाच गोळ्या झाडल्या. पाचही गोळ्या लक्ष्याच्या काळ्या भागाबाहेर, डावीकडे खाली गेल्या. मी त्याला सर्वांसमोर म्हटले, "अरे, लक्ष कुठे आहे तुझे?" तो काही बोलला नाही. संघाच्या यादीतून मी त्याचे नाव काढले.

पुढे दोन-तीन महिन्यांनी प्रशिक्षणासाठी आलेल्या एका अनुभवी हवालदारांनी तीच रायफल उचलून पाच गोळ्या झाडल्या. त्यांच्याही गोळ्या डावीकडे खाली गेल्या. त्यांनी रायफल उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "सर, हिची माशी सरकली आहे. कुठेतरी आपटली असणार." मला एकदम त्या मुलाचा कागद आठवला. तो दप्तरात जपून ठेवलेला होता. काढून पाहिला तो त्याच्या पाचही गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील एवढ्या जवळजवळ लागलेल्या. हवालदारांनी कागद उजेडात धरला आणि विचारले, "हा कोणाचा? हा मुलगा कुठे आहे?"

त्या दिवशी मला नेमबाजीतला पहिला धडा कळला. गोळ्या एका ठिकाणी जमणे हे मनुष्याच्या हाताचे काम आहे. त्या कोणत्या ठिकाणी जमतात हे साइटचे काम आहे. गोळ्या विखुरल्या तर नेमबाजाने शिकावे, आणि गोळ्या एकवट राहून बाजूला गेल्या तर साइट दुरुस्त करावी. मी त्या मुलाच्या घरी गेलो. तो शेतावर होता. सर्व हकीगत सांगून मी त्याची क्षमा मागितली तेव्हा तो म्हणाला, "सर, मला वाटलं माझेच डोळे खराब. त्या दिवसापासून मी फळ्यावरचंपण डोळं बारीक करून बघत होतो." पुढच्या वर्षी तो संघात आला, चांगला खेळलाही, पण ते दोन-तीन महिने मी त्याला परत देऊ शकलो नाही.

इतिहासाकडे परत येऊ. तीन वस्तूंच्या जागी दोन कशा आल्या ते पाहू. मागच्या खाचेऐवजी डोळ्याच्या अगदी जवळ एक बारीक छिद्र बसविले तर डोळा आपोआप त्या छिद्राच्या मध्यातून पाहतो. कारण मध्यभागी प्रकाश अधिक असतो. छिद्राकडे मुद्दाम पाहावेच लागत नाही. शिवाय बारीक छिद्रातून पाहिल्यामुळे माशी आणि लक्ष्य दोन्ही अधिक स्वच्छ दिसतात. डोळ्याला आता फक्त माशी आणि लक्ष्य एवढेच जुळवावयाचे राहिले. हवालदार आजोबांच्या पिढीने भरतीनंतर पाहिलेली ली-एनफील्डची चौथ्या क्रमांकाची रायफल आणि तिच्यानंतर आलेली सेल्फ-लोडिंग रायफल या दोन्हींवर हीच छिद्राची साइट होती.

या साध्या छिद्राला कोणी जुनाट समजू नये. आमच्यापासून फार दूर नसलेल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले, ते छिद्राच्या साइटवरच. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळविले, तेही छिद्राच्याच साइटवर. या खेळात दुर्बिणीची साइट चालत नाही. ५० मीटरांवरील कागदाच्या मधोमध असलेले दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे हाताच्या करंगळीच्या नखाएवढे. एवढ्या लहान खुणेसाठी डोळा, छिद्र आणि श्वास यांची जी साधना लागते ती वर्षानुवर्षांची असते.

परंतु रणांगण म्हणजे चांदमारी नव्हे. तेथे लक्ष्य थांबत नाही आणि वेळही थांबत नाही. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील वरच्या टायबर खोऱ्यात तिसऱ्या मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतील सर्व माणसे मेली किंवा जखमी झाली. एकटे घाडगे उरले. ते तसेच पुढे धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालविणारा यांना गप्प केले, दुसऱ्याला टॉमीगनने मारले आणि मॅगझिन बदलण्यास वेळ नाही असे पाहून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर घातली. त्यानंतर शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपले. माणगाव तालुक्यातील पळसगावच्या या बावीस वर्षांच्या तरुणाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या प्रसंगात नेमबाजीची दोन टोके एकत्र आलेली दिसतात. ज्याच्याजवळ मॅगझिन बदलण्याइतकाही वेळ नव्हता असा एक मनुष्य, आणि दुरून स्वस्थ चित्ताने नेम धरणारे त्याचे मारेकरी. दुसऱ्या टोकासाठी दुर्बिणीची साइट पूर्वीच निघाली होती. पहिल्या टोकाला, म्हणजे जवळच्या आणि घाईच्या प्रसंगाला, तीनही नको, दोनही नकोत, डोळ्याला एकच वस्तू दिसावी असे साधन हवे होते.

आश्चर्य असे की, या साधनाची कल्पना त्याआधी ४४ वर्षांपूर्वीच मांडली गेली होती. १९०० साली आयर्लंडमधील डब्लिनचे दुर्बिणी बनविणारे कारागीर हॉवर्ड ग्रब यांनी तिचे पेटंट घेतले. ग्रब हे नाव आपल्याला परके नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला ज्या २० इंची दुर्बिणीतून आकाश न्याहाळीत, ती ग्रब यांच्याच कारखान्यातील होती. १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. ताऱ्यांकडे पाहण्याची भिंगे घडविणाऱ्या माणसालाच बंदुकीची अडचण सुटावी यात एक संगती आहे. ताऱ्यापासून येणारे किरण आपल्यापर्यंत पोहोचतात तेव्हा ते एकमेकांस समांतर असतात. ग्रब यांनी विचार केला की, एखाद्या लहानशा खुणेपासून निघालेले किरण भिंगाने किंवा आरशाने असेच समांतर करून डोळ्यात पाठविले, तर ती खूण ताऱ्यासारखी अनंत अंतरावर असल्याचा भास होईल. मग लक्ष्य आणि खूण दोन्ही एकाच वेळी स्वच्छ दिसतील. डोळा थोडा डावी-उजवीकडे हलला तरीही खूण लक्ष्यावरून फारशी ढळणार नाही.

कल्पना उत्तम होती, पण खूण उजळावी कशाने? त्या काळी त्यासाठी विजेचा दिवा आणि त्याची जड सामग्री लागे. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आणि दुसऱ्या महायुद्धात ही साइट विमानांवर चढली. पायदळाच्या खांद्यावर मात्र ती येऊ शकली नाही. १९६२ साली अमेरिकेत निक होलोन्याक यांनी दिसू शकेल असा लाल प्रकाश देणारा लहानसा डायोड, म्हणजे आजचा एलईडी, तयार केला. त्यामुळे गव्हाच्या दाण्याहूनही लहान दिवा चिमूटभर विजेवर जळू लागला आणि १९७५ साली स्वीडनमधील एमपॉइंट या कंपनीने रायफलीवर बसणारी लाल ठिपक्याची पहिली विजेची साइट बाजारात आणली. ठिपका लाल का, याचेही उत्तर यातच आहे. हे डायोड प्रथम लालच निघाले. शिवाय काचेवर असा लेप देता येतो की ती तेवढा लाल प्रकाश परतवते आणि बाकीचे सारे पलीकडून येऊ देते.

मधल्या काळात आणखी एक विलक्षण प्रयोग झाला होता. ज्या साइटमधून पलीकडचे काहीच दिसत नाही, अशी एक साइट निघाली. एका डोळ्याला नुसता लाल ठिपका दिसे, दुसऱ्या उघड्या डोळ्याला लक्ष्य दिसे आणि मेंदू दोन्ही चित्रे एकावर एक ठेवी. २१ नोव्हेंबर १९७० च्या रात्री अमेरिकी सैनिकांनी उत्तर व्हिएतनाममधील सोन ताय येथील बंदिवासावर छापा घातला तेव्हा त्यांच्या रायफलींवर हीच साइट होती. छापा ठरल्याप्रमाणे पार पडला, पण बंदी तेथून आधीच हलविलेले होते. नेम कितीही अचूक असला तरी समोर कोण आहे, हे साइट सांगत नाही.

आता हवालदार आजोबा आणि माझा विद्यार्थी यांच्या वादाकडे येतो. कोणती साइट चांगली, हा प्रश्न कोणते चाक चांगले या प्रश्नासारखा आहे. बैलगाडीला एक चाक लागते आणि सायकलला दुसरे. जवळचे, हलणारे, अंधूक उजेडातले लक्ष्य असेल तर लाल ठिपका सर्वांत उपयोगी, कारण दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात आणि आजूबाजूचे जग दिसत राहते. दूरचे आणि स्थिर लक्ष्य असेल तर दुर्बीण हवी. पण तिच्यातून दिसणारा प्रदेश अरुंद असतो हे लक्षात ठेवावे. खेळाच्या मैदानावर छिद्राची साइट हवी.

ठिपक्याच्या आकाराचाही विचार करावा लागतो. एका अंशाचे ६० भाग केले तर त्यातील प्रत्येक भागाला आपल्या गणितात कला म्हणतात. १०० मीटरांवर एक कला म्हणजे सुमारे २.९ सेंटिमीटर. दोन कलांचा ठिपका १०० मीटरांवर सुमारे ५.८ सेंटिमीटर जागा झाकतो. मनुष्याएवढ्या लक्ष्यासाठी हे ठीक आहे. पण तोच ठिपका ५० मीटरांवर सुमारे २.९ सेंटिमीटर झाकेल, आणि ज्या १०.४ मिलिमीटरच्या वर्तुळासाठी कुसाळे झटतात ते वर्तुळ त्याच्याआड दिसेनासेच होईल. ठिपका मोठा असला तर चटकन सापडतो. लहान असला तर बारीक काम करतो. तो लक्ष्यावर दिसेल इतपतच उजळ ठेवावा. फार उजळ केला की त्याभोवती झगमग पसरते आणि लक्ष्यच झाकले जाते.

डोळ्यांचाही विचार हवा. मला स्वतःला आता चाळिशी लागली आहे. आपल्या भाषेने चष्म्याला वयाचेच नाव दिले आहे, ते किती यथार्थ आहे हे माशीकडे पाहताना मला कळते. जवळची माशी आता मला धूसर दिसते. अशा डोळ्यांना लाल ठिपका मोठा आधार आहे, कारण तो लक्ष्याइतकाच दूर भासतो. मात्र ज्यांच्या बुबुळाची गोलाई सारखी नसते, त्यांना तोच ठिपका गोल न दिसता पसरट किंवा शेपटीचा दिसतो. अशा वेळी ठिपक्याचे छायाचित्र काढून पाहावे. छायाचित्रात तो गोल दिसला तर दोष साधनात नसून डोळ्यात आहे असे समजावे आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

आणि विजेची साइट म्हटली की घटाचे, पावसाचे आणि चिखलाचे भय आलेच. नव्या साइट एका घटावर हजारो तास चालतात, तरीही लोखंडी माशी आणि खाच मागे उभी ठेवण्याची पद्धत सैन्यांनी सोडलेली नाही. नवे साधन खांद्यावर आले तरी जुने साधन जागेवर असते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र कोणत्याही साइटला सारखीच लागू आहे. ती बसविल्यावर, प्रवासानंतर, आपटल्यानंतर किंवा काडतूस बदलल्यानंतर कागदावर गोळ्या झाडून तिची परीक्षा घ्यावी लागते. हे काम कंटाळवाणे असते. परंतु दक्षिण आफ्रिकेत ते झाले नाही आणि आमच्या शाळेत मीही ते केले नाही. साइट महाग असो की स्वस्त, जुनी असो की नवी, तिने सांगितलेली जागा आणि गोळीची जागा एकच आहे, याची खात्री करून घेतल्यावाचून कोणाच्याही हाताला दोष देऊ नये.

श्रोतेहो, आपण रोज वापरतो त्या 'शिस्त' या शब्दाची एक मौज सांगून हे भाषण संपवितो. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, आणि जुन्या मराठीत त्याचा एक अर्थ नेम असा होता. शिस्त धरणे म्हणजे बंदुकीचा नेम धरणे. पुढे आपण त्याला वागणुकीचा अर्थ दिला आणि शाळेच्या भिंतीवर लावला. आम्ही शिक्षक शिस्तीविषयी पुष्कळ बोलतो. पण ज्या माशीवरून मुलांचा नेम ठरतो ती माशी सरळ आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी आमची असते, एवढे त्या नववीतल्या मुलाने मला शिकविले.

हा सारा इतिहास मी त्या दोघांना सोप्यावर सांगितला तेव्हा हवालदार आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी तरुणाला विचारले, "तुझ्या त्या दिव्याची परीक्षा किती दिवसांनी करतोस?" तो म्हणाला, "आजोबा, चांदमारीला जाताना दर वेळी." आजोबांनी मान हलविली आणि म्हणाले, "मग ठीक आहे. मग तूबी आमच्यातलाच."